नक्षी कोणाची ?

गडचिरोलीच्या रानांत ऐन-अर्जुनाच्या पानांवर कोशाचे किडे पोसतात. नागभीडचे विणकर कोशाच्या सुताची साडी विणतात. तिच्या कांठाला करवतीसारखे दांते, म्हणून ती करवतकांठी.

१९११ च्या कायद्यानें नव्या नक्षीची नोंद करणारास १५ वर्षांपर्यंत संरक्षण दिलें. २००० च्या कायद्यानेंही मुदत तेवढीच ठेविली. अट मात्र एक : नक्षी नवी हवी. पिढ्यान्‌पिढ्या विणलेली करवत नवी कशी ठरावी ? जुनेपण हा जिचा गौरव, तोच तिचा अपराध ठरला !

१९९९ च्या भौगोलिक मानांकनाच्या कायद्यानें ही उणीव कांहीं अंशीं भरली. विदर्भाच्या करवतकांठीची तशी नोंद झाली. परंतु तिनें रक्षण होतें तें नांवाचें. यंत्रमागानें तेच दांते निराळ्या नांवानें विकले, तर विणकरास आपल्या पारखी डोळ्यांचाच आधार !