एक चाल, दोन गंधर्व

जुन्या संगीत नाटकाचें पुस्तक उघडलें म्हणजे पदाच्या माथ्यावर ‘चाल’ हा एक लहानसा शब्द आणि त्यापुढें दुसऱ्याच कोणत्या तरी गाण्याचें नांव छापलेलें आढळतें. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलें. मराठी नाट्यपदांनीं कीर्तनें, कानडी गाणीं, हिंदुस्थानी चिजा अशा अनेक ठिकाणांहून चाली घेतल्या आणि घेतल्याची कबुलीहि पुस्तकांतच दिली. उसनवारी उघड होती. म्हणून तिची कोणास लाज वाटली नाहीं.

बालगंधर्वांच्या ज्या गाण्याला महाराष्ट्र ‘मूळ’ म्हणून मान देतो, तें गाणेंहि याच प्रघातांतून आलें. १९११ च्या ‘मानापमाना’च्या चाली गोविंदराव टेंबे यांनीं दिल्या, त्यांत पूरब ढंगाच्या ठुमरीचा रंग आहे. १९१६ च्या ‘स्वयंवरा’करितां भास्करबुवा बखले यांनीं ख्यालाच्या भांडारांतून चाली निवडल्या आणि खाडिलकरांनीं त्यांवर शब्द रचले. १९१९ सालीं आलेल्या ‘एकच प्याला’ नाटकाचे लेखक राम गणेश गडकरी. परंतु त्यांतील पदें विठ्ठल सीताराम गुर्जर यांनीं लिहिलीं आणि चालींच्या कामीं सुंदराबाई जाधव यांच्या संग्रहाचा आधार झाला.

म्हणजे बालगंधर्वांनीं पद प्रथम म्हटलें, त्या क्षणींच ती चाल दुसऱ्यांदा गाइली जात होती. तरीहि तिला कोणी नक्कल म्हटलें नाहीं. कारण चालीला नवें कार्य मिळालें होतें. बैठकींतील चीज कोणा एकीची नसते. तीच रुक्मिणीच्या मुखीं आली म्हणजे श्रीकृष्णाच्या ओढीनें व्याकुळ झालेल्या राजकन्येचें मनोगत होऊन बसते. राग तोच, वळणें पुष्कळशीं तींच. परंतु तान कोठें थांबवावी, हें आतां शब्द ठरवूं लागला.

यानंतर ध्वनिमुद्रिकेनें एक नवाच प्रश्न उभा केला. रंगभूमीवर पद रोज निराळें होई. ‘वन्समोअर’ आला कीं त्याच ओळीला नवी वाट फुटे. तबकडीच्या एका बाजूस मात्र तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक गाणें मावत नसे. असंख्य प्रयोगांतील गायनापैकीं एवढाच अंश कायमचा स्थिर झाला आणि पुढच्या पिढीनें तोच मूळ मानला. त्यांतील हरकती, श्वासाच्या जागा, स्वराचीं लाडिक वळणें हुबेहूब उचलणारे गायक निघाले. आणि श्रोतेहि प्रत्येक गाणें तबकडीशीं ताडून पाहूं लागले.

तबकडीच्या या सत्तेंतूनच एक विलक्षण मुलगा पुढें आला. बेळगांवजवळच्या सुळेभावी येथें १९२४ सालीं जन्मलेले शिवपुत्र कोमकळी हे नामांकित गवयांच्या तबकड्या बालपणींच जशाच्या तशा गाऊन दाखवीत. ऐकणारे तोंडांत बोटें घालीत. ‘कुमार गंधर्व’ हें नांवहि त्याच वयांत मिळालें. अनुकृति याहून पूर्ण होणें कठीण. पुढें मुंबईस बी. आर. देवधर यांच्यापाशीं त्यांनीं विद्या घेतली. १९४७ सालीं त्यांना क्षयानें गांठलें. देवास येथें अंथरुणावर वर्षें गेलीं. एक फुप्फुस निकामी झालें. आजारांतून उठून ते पुन्हां गाऊं लागले, तेव्हां दीर्घ दमावर उभी असलेली गायकी त्यांना शक्य राहिली नव्हती.

याच गायकानें १९६५ सालीं ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम सादर केला. बालगंधर्व त्या वेळीं हयात होते. त्यांचें निधन १९६७ सालीं झालें. बालपणीं वाटेल त्या गवयाची हुबेहूब छबी उठविणाऱ्या कुमारांनीं या वेळीं बालगंधर्वांचा आवाज काढला नाहीं. त्यांचीं पदें स्वतःच्या आवाजांत मांडलीं.

दोन्ही गायनें शेजारीं ठेवून ऐकलीं तर अंतर लगेच जाणवतें. बालगंधर्वांचा स्वर अखंड वाहतो. एक स्वर दुसऱ्यांत केव्हां मिसळला हें कळतहि नाहीं. कुमारांचा स्वर लहान, टोकदार तुकड्यांनीं येतो, मध्येंच थांबतो आणि त्या शांततेंत पुढल्या स्वराची वाट पाहावयास लावतो. बालगंधर्वांच्या पाठीशीं रुक्मिणी होती, सिंधु होती. शालू होता, ऑर्गन आणि सारंगी होती. कुमारांचें पद बैठकींतलें, पात्रावांचूनचें. त्यामुळें कांहीं गमावलें, हें प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे. सिंधूचा सोशीकपणा सिंधूवांचून पुरता उमटत नाहीं.

परंतु लाभहि लहान नाहीं. वेषाचें आणि प्रसंगाचें मोहक आवरण दूर झालें म्हणजे चालीची घडण दिसूं लागते. इवलीशी हरकत कोणत्या अक्षरावर बसविली आहे, शब्द ठेक्याच्या किंचित् अलीकडे टाकला आहे कीं पलीकडे, हें कानाला उमगतें. त्यानंतर जुनी तबकडी पुन्हां लावली तर तींत पूर्वीं न ऐकलेलें कांहीं ऐकूं येतें.

पुन्हां गाइलेल्या गाण्याची खरी कसोटी हीच होय. मुळाशीं तें किती जुळतें एवढेंच मोजावयाचें, तर त्या मापानें बालगंधर्वहि उतरणार नाहींत. कारण भास्करबुवांनीं दिलेली चाल त्यांच्या कंठांत चिजेसारखी राहिली नाहीं, ती रुक्मिणीची झाली. उलट, मूळ बाजूस सारून केवळ वेगळेपणा मिरवावयाचा, तर चाल घेण्याचें कारणच उरत नाहीं. जुन्या नाटकाच्या पुस्तकानें यांतला मार्ग केव्हांच दाखविला होता : ऋण नांवानिशीं पदाच्या माथ्यावर लिहावें आणि मग पद आपल्या कंठानें गावें. ‘मला उमजलेले’ या दोन शब्दांत तीच कबुली आहे, आणि तेंच स्वातंत्र्यहि आहे.