शिष्यवृत्तीचा अर्ज आणि घरातली कागदं

मी गिरणी कामगार माणूस, लेखक नव्हे. पण मंडळाचे कार्यकर्ते म्हणाले, "दादा, तुम्ही दरसाल पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देता, त्यावरच लिहा." म्हटलं ठीक आहे. फॉर्म सगळेच भरतात, पण हा फॉर्म आपल्या हातात आला कसा हे आपल्या पोरांना ठाऊक नाही.

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्कारात कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं, ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. पण त्याच केळुसकर गुरुजींनी पुढं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपये सुरू झाले, हे फार थोडे सांगतात. एल्फिन्स्टन कॉलेज त्या पैशावर पुरं झालं. मग ४ जून १९१३ रोजी करार झाला. अमेरिकेतल्या शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी. १९१७ ला बाबासाहेब नोकरीवर गेले तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना, हेही आपल्याला माहीत आहे. महाराज मोठ्या मनाचे होते, यात शंका नाही. पण राजा चांगला निघाला म्हणून एक पोरगा शिकला. बाकीच्यांनी काय करायचं?

माझ्या मते बाबासाहेबांनी ही गोष्ट आयुष्यभर मनात धरली. १९४२ ला ते व्हॉइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं लांबलचक निवेदन सरकारला दिलं. त्यात नोकऱ्या होत्या तशी उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी होती. त्यातून १९४४ साली भारत सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज कॉलेजात ज्याला 'भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती' म्हणतात, ती हीच. म्हणजे ही दया नाही, देणगी नाही. स्वातंत्र्याच्या आधीपासून चालत आलेला आपला हक्क आहे. आणि नुसत्या पैशानं भागत नाही, कॉलेजही पाहिजे, म्हणून १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज.

आता अडचणीची बाजू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती म्हणजे हिंदू, असं लिहिलेलं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण नागपुरात धम्म घेतला आणि केंद्राच्या यादीतून बाहेर पडलो. गरिबी तीच, वस्ती तीच, विहिरीवरची वागणूक तीच, फक्त कागदावरचा शब्द बदलला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या काळात राज्याच्या सवलती नवबौद्धांना मिळाल्या, पण केंद्राचं दार बंदच राहिलं. ते उघडलं १९९० साली, व्ही. पी. सिंगांच्या सरकारात. बाबासाहेबांना भारतरत्न मिळालं तेच वर्ष. चौतीस वर्षं! या काळात कितीतरी घरांनी पोटासाठी शाळेत एक आणि मनात एक असं लिहिलं. त्यांना नावं ठेवू नका. मी ठेवत नाही.

याचा फटका मलाही बसला. १९८७ ला दहावी पास झालो, अकरावीला नाव घातलं. माझ्या शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध', वडिलांच्या कागदावर 'महार', आणि आडनावाचं स्पेलिंग दोन्हीकडं वेगळं. खिडकीतला क्लार्क म्हणाला, हे जुळवून आणा. वडिलांनी तीन खाडे केले, माणूस भेटला नाही, तारीख निघून गेली. पुढं साचेखात्यात बदली म्हणून लागलो. वाचन केलं ते सगळं रात्री, सरकारनं छापलेले बाबासाहेबांचे खंड उसने आणून. त्या क्लार्कवर माझा राग नाही आता. पण तेव्हा समोर बसून सांगणारा एक जरी माणूस असता तर!

आजची अडचण वेगळी आहे. २०१८ पासून अर्ज 'महाडीबीटी'वर, पैसे आधार जोडलेल्या खात्यात. शिष्यवृत्तीची उत्पन्न-मर्यादा २०१३ साली अडीच लाख झाली आणि वर्षानुवर्षं तिथंच राहिली. हिशोब करा, महिन्याला वीस हजार आठशे. बाप वॉचमन आणि आई चार घरची कामं करत असेल तर संपलं. मात्र मर्यादेवर गेलात म्हणून घरी बसू नका, फ्रीशिपचा अर्ज वेगळा असतो. त्यात फी माफ होते, निर्वाहभत्ता तेवढा मिळत नाही. आपल्यातली अर्धी घरं हे माहीत नसल्यानं पूर्ण फी भरतात.

पैसे उशिरा येतात हे तर नेहमीचंच. आपल्या शेजारी देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. तिथं फेब्रुवारी २०१८ मध्ये विद्यार्थी संपावर बसले, कारण या शिष्यवृत्तीच्या मुलांना वसतिगृह-मेसची फी आधी भरायला लावली होती. एवढ्या नामांकित ठिकाणी ही गत, तर मग साध्या कॉलेजात काय असेल! २०२० च्या डिसेंबरात केंद्रानं आपला वाटा साठ टक्के ठरवला, ते चांगलं झालं.

सगळ्यात जास्त माणूस अडतो तो जातीच्या दाखल्याला. १० ऑगस्ट १९५० च्या आधीपासून आपलं घर महाराष्ट्रात होतं याचा पुरावा लागतो. आपण दोनदा-तीनदा उठवलेली माणसं, त्यात २६ जुलै २००५ च्या पुरात कित्येकांच्या पेट्या वाहून गेल्या. मग गाव गाठायचं. तहसीलला जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी असतात, त्याला कोतवाल बुक म्हणतात. आजोबाचा शाळेचा दाखला नसेल तर तिथं नक्कल मागायची.

आपल्याच गल्लीतल्या एका मुलीसाठी मी तिच्या वडिलांबरोबर असा गेलो होतो. नोंद सापडली, पण मोडीत! मोडी वाचणारा शोधायला दोन दिवस गेले. त्यानं बोट ठेवून वाचलं तेव्हा तिच्या वडिलांना आपल्या आज्याचं नाव पहिल्यांदा कळलं. अर्ज शेवटच्या दिवशी रात्री अकराला गेला. पहिला हप्ता पुढच्या मार्चात आला. तोवर तिच्या ट्रेनच्या पासाचे आणि पुस्तकांचे पैसे कुणी कुणी दिले, ते विहाराच्या वहीत लिहिलेलं आहे. तिनं ते पुढच्याच वर्षी परत आणून दिले.