कीटकनाशक अधिनियम आणि फवारणी करणारा माणूस

भारतातील कीटकनाशकविषयक कायद्याचा विचार करताना हरितक्रांती, धान्योत्पादनातील वाढ आणि रासायनिक उद्योगाचा विस्तार यांचा संदर्भ प्रायः दिला जातो. वस्तुतः या कायद्याची प्रेरणा शेतातून आली नाही; ती जेवणाच्या ताटातून आली. कायद्याने कोणाला संरक्षण दिले आणि कोणाला बाहेर ठेवले, हे या उगमाकडे पाहिल्यावाचून नीट उमगत नाही.

१९५८ च्या एप्रिल-मे महिन्यांत केरळ व मद्रास या राज्यांत विषारी अन्न खाऊन शंभरांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पॅराथिऑन हे अतिजहाल कीटकनाशक आणि गव्हाचे पीठ यांची वाहतूक एकत्र झाली होती. वाटेत गळालेले विष पिठात मुरले आणि ते पीठ घरोघर पोहोचले. केंद्र सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाच्या सूचनांवर पुढे तज्ज्ञ समितीत विचार झाला आणि दहा वर्षांनंतर, २ सप्टेंबर १९६८ रोजी, कीटकनाशक अधिनियमास राष्ट्रपतींची संमती मिळाली. १९७१ मध्ये तो अमलात आला.

आयात, उत्पादन, विक्री, वाहतूक, वाटप व वापर या सर्वांचे नियमन करणे हा अधिनियमाचा घोषित हेतू होता. नोंदणीवाचून कोणतेही कीटकनाशक आयात वा तयार करता येऊ नये, विक्रेत्याजवळ परवाना असावा, निरीक्षकाने नमुने तपासावेत, अशी व्यवस्था त्याने घालून दिली. तिचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु कलम ३८ अन्वये, स्वतःच्या कसणुकीतील जमिनीवर कीटकनाशक वापरणाऱ्या व्यक्तीस हा अधिनियम लागू होत नाही, असे ठरविण्यात आले. शेतकऱ्यास निरीक्षकाचा जाच होऊ नये, हा त्यामागील हेतू असावा. परिणाम मात्र विपरीत झाला. १९७१ च्या नियमांत संरक्षक कपडे, श्वसनसाधने, प्रथमोपचार व प्रशिक्षण यांच्या तरतुदी आहेत. तथापि पाठीवर पंप घेऊन बांधावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत त्या पोहोचविण्याचे बंधन कोणावरही परिणामकारकपणे पडले नाही. अन्न खाणारा कायद्याच्या दृष्टीस पडला. अन्न पिकविणारा पडला नाही.

फवारणीच्या परिसरात राहणाऱ्यांचा प्रश्न तर कोर्टाची पायरी चढल्यावरच ऐरणीवर आला. केरळातील कासरगोड जिल्ह्यात एका सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले जात होते. बागांलगतच्या वस्त्यांत जन्मजात व्यंगे व मज्जासंस्थेचे विकार आढळत असल्याकडे स्थानिक डॉक्टर व पत्रकार यांनी लक्ष वेधले. कृषी खात्यातील कर्मचारी लीलाकुमारी अम्मा न्यायालयात गेल्या आणि हवाई फवारणीस मनाई मिळाली. रोगांच्या कारणांविषयी पुढे दीर्घकाळ वाद चालला. अखेर २०११ च्या एप्रिलमध्ये स्टॉकहोम कराराखालील वर्ज्य पदार्थांत एंडोसल्फानचा समावेश झाला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने देशात त्यावर बंदी घातली. पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश येण्यास १० जानेवारी २०१७ हा दिवस उजाडावा लागला.

त्याच वर्षीच्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसांच्या आसपास शेतकरी व शेतमजूर मरण पावले. शेकडो रुग्णालयात दाखल झाले. उंच वाढलेली कपाशी, अनेक औषधांचे एकत्र मिश्रण, उघडे हात आणि उघडे तोंड ही कारणे त्या वेळी पुढे आली. दोष फवारणाऱ्याच्या निष्काळजीपणाचा, असेही म्हटले गेले. परंतु विदर्भाच्या उन्हात अंगभर रबरी पोशाख घालून दिवसभर फवारणी करणे ज्याला शक्य नाही, त्याच्या हाती ते विष देणाऱ्या व्यवस्थेचा दोष मग कोणाचा? मजुरी रोजाची, जमीन दुसऱ्याची, औषधाची निवड दुकानदाराच्या सल्ल्याची आणि विषाचा भार मात्र मजुराच्या देहावर, अशी ही वाटणी होती. राज्य शासनाला काही औषधांवर बंदी घालता आली, तीही तात्पुरती. कारण कायम बंदीचा अधिकार अधिनियमाने राज्यांना दिलेलाच नाही.

केरळपासून यवतमाळपर्यंतच्या या साठ वर्षांतून एक निष्कर्ष निघतो. कीटकनाशकाची सुरक्षितता प्रयोगशाळेत ठरविली जाते, पण त्याची परीक्षा शेतात, प्रत्यक्ष वापराच्या स्थितीत होते. म्हणून ज्या स्थितीत ते खरोखर वापरले जाते, तीच नोंदणीची कसोटी मानली पाहिजे. त्या स्थितीत जे औषध निर्धोकपणे वापरता येत नाही, त्याला बाजारात स्थान असू नये. विषबाधेची प्रत्येक घटना नोंदविणे बंधनकारक व्हावे, उपचार व भरपाईचा भार उत्पादकाने उचलावा, आणि विषावाचून कीडनियंत्रण करू पाहणाऱ्या शेतकऱ्यास शासनाचे साहाय्य मिळावे. जे अन्न पिकविताना एकाचा जीव जातो ते दुसऱ्याच्या ताटात स्वस्त पडते, असे म्हणणे हा हिशेबच खोटा आहे. १९५८ मध्ये ताटातील विषाने राज्यकर्त्यांना जागे केले. पंपातील विषानेही तितकेच जागे करावयास हवे होते.