‘ट्रस्ट’ शब्दाची कुळकथा

देवस्थानांच्या कागदपत्रांत ‘ट्रस्ट’ आणि ‘ट्रस्टी’ हे शब्द आता इतके रुळले आहेत की ते परके वाटत नाहीत. पिढीजात वहिवाटदारही स्वतःस ट्रस्टी म्हणवितात. या शब्दाने कोणी धास्तावतो, देव सरकारजमा झाला असे समजतो; कोणी देवाच्या जमिनीची मालकी कायद्याने आपल्याकडे आली असे मानू लागतो. दोन्ही समजुती शब्दाच्या पूर्वेतिहासातून उपजल्या आहेत.

मूळ शब्द उत्तर युरोपातील नॉर्स भाषेतला ‘त्राउस्त’; अर्थ भरवसा, आधार. पुष्कळ भाषापंडित त्याचे कूळ आपल्या ‘दारु’, ‘द्रुम’ या शब्दांशी जोडतात. लाकडासारखे घट्ट ते विश्वासाचे. पुरीच्या दारुब्रह्माचे स्मरण होऊन मौज वाटते खरी, परंतु कायद्यातील अर्थ येथून निघालेला नाही.

तो घडला मध्ययुगीन इंग्लंडात. जमीनदार आपली जमीन विश्वासू मित्रांच्या नावे करून देई आणि उत्पन्न बायकामुलांस पोहोचवा असे सांगे. राजाची न्यायालये कागदावरील मालकासच ओळखीत. मित्राने दगा दिला तर तेथे दाद लागत नसे. मग गाऱ्हाणे चॅन्सेलरकडे जाई, आणि तो सदसद्विवेकाच्या बळावर त्या मित्रास वचन पाळावयास लावी. मालमत्ता बाळगण्याची मनाई असलेल्या फ्रान्सिस्कन साधूंसही ही युक्ती सोयीची पडली. या व्यवस्थेस तेव्हा ‘यूज’ म्हणत. तिच्यामुळे सरंजामी देणी बुडू लागली म्हणून आठव्या हेन्रीने १५३६ साली तिच्याविरुद्ध कायदा केला. वकीलवर्गाने त्यातूनही वाट काढली (आमच्या व्यवसायाची ही परंपरा जुनी आहे!) आणि जे वाचले त्यास ‘ट्रस्ट’ हे नाव चिकटले. एकाच मालमत्तेस दोन मालक, एक कागदाचा आणि एक न्यायबुद्धीचा, हे त्याचे मर्म होय.

आपल्याकडे भाविक संकल्प सोडून जमीन देवास अर्पण करतो, ती देवाचीच होते. बडोद्यापासून फार दूर नसलेल्या डाकोरचे श्रीरणछोडरायाचे मंदिर १७७२ साली गोपाळ जगन्नाथ तांबवेकर यांनी बांधले. तेथील सेवक देवापुढील उत्पन्न आपले समजत. त्यावरून मनोहर गणेश तांबेकर यांनी लखमीराम गोविंदराम यांच्याविरुद्ध चालविलेल्या दाव्यात १८८७ साली मुंबई उच्च न्यायालयाने देव ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे हे मान्य केले आणि सेवकांस हिशोबास जबाबदार धरले. पुढे १९२१ साली विद्यावरुथी तीर्थांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने स्पष्टच म्हटले की इंग्रजी अर्थाचा ट्रस्ट हिंदू धर्मशास्त्रास ठाऊक नाही. मठपती अथवा शेबाईत हा त्या अर्थाने ट्रस्टी नव्हे, कारण मालकी त्याच्या नावे कधी झालेलीच नसते.

मग देशी शब्द कोणता वापरावा? १९३१ साली सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा आठ भाषांचा शासनकोश निघाला. असले काम किती जिकिरीचे, हे ‘न्यास’ या एका शब्दावरून कळेल. अंगन्यास, करन्यास आपण पूजेत करतो; न्यास म्हणजे ठेवणे. व्यवहारात तो ठेवीचा वाचक, आणि मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत ‘निक्षेप’, म्हणजे ठेव, दुसरा आहे. ठेव सांभाळणारा तिचा मालक नसतो. म्हणून आमच्या मते देवस्थानाच्या बाबतीत ‘न्यास’ हा शब्द ‘ट्रस्ट’हून सरस ठरतो, आणि ‘विश्वस्त’ ही त्याच्या जवळचा.

कायदेमंडळाने मात्र शब्दाची चिकित्सा केली नाही. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा येथेही आला. त्याच्या व्याख्येतच देऊळ, मठ, वक्फ यांचा समावेश करून टाकला आहे; नोंदणी आणि हिशोब यांचे बंधन त्यातून येते. देव मात्र सरकारजमा होत नाही, आणि वहिवाटदार मालकही होत नाही. १९५६ साली देवकीनंदन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंदिराच्या देणगीचे खरे लाभार्थी म्हणजे तेथे पूजेस येणारे भाविक, असा निर्वाळा दिला.

आमच्या गोमंतकीय वाचकांची गोष्ट निराळी. तेथील बहुतेक जुनी देवस्थाने १९३३ च्या पोर्तुगीज नियमावलीखाली चालतात. तिच्यात ट्रस्टी नाही. महाजन आहेत, आणि त्यांनी निवडलेली समिती.