ठराव मंजूर, पाणी नामंजूर

आमच्या ग्रामसभेत मी तीसेक वर्षे मागच्या रांगेत बसत आलो आहे. हात वर करायला काही लागत नाही, हे तिथे शिकलो. अंमलबजावणी होणार नाही याची खात्री असली, की हात जरा जास्तच उत्साहाने वर जातात. महाडच्या चवदार तळ्याची हकिकत मी वाचत गेलो ती हे डोक्यात ठेवून. सत्याग्रहावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला कुतूहल होते त्याच्या मागेपुढे झालेल्या ठरावांचे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात भंडारी समाजाचे पुढारी सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय. पण १९१९च्या सुधारणा कायद्याखालच्या कौन्सिलात ठराव म्हणजे सरकारला केलेली शिफारस. तो पाळला नाही म्हणून कुणाला दंड होत नव्हता. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेनेही तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. पुढची तीन वर्षे ठराव दप्तरात राहिला आणि पाणी तळ्यात. बोल्यांनी १९२६ मध्ये पुन्हा ठराव आणला: न ऐकणाऱ्या स्थानिक संस्थांचे अनुदान बंद करा. दुखरी नस त्यांनी अचूक धरली होती, पण हीसुद्धा शिफारसच.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि परिषदेला आलेले हजारो लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले. नगरपालिकेच्या ठरावाची ती पहिली अंमलबजावणी. त्यानंतर प्रतिनिधींना मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, आणि ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती! १९२४चा होकार सगळाच खोटा होता असे मी म्हणणार नाही. सुरबानाना टिपणिसांसारखी माणसे त्या गावात मनापासून झटत होती. पण इतरांना तो होकार परवडला, कारण पाण्याला कुणी हात लावणार नाही हे त्यांनी धरूनच चालले होते, असा माझा कयास आहे.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. १४ तारखेला विरोधकांनी दिवाणी कोर्टातून तात्पुरती मनाई मिळवली. मुंबईची मंडळी 'पद्मावती' बोटीने हरिहरेश्वरमार्गे दासगाव बंदरात उतरली आणि तिथून पायी महाडला गेली. तुरुंगात जायची तयारी म्हणून जवळपास चार हजार जणांनी नावे लिहून दिली. तरीही कोर्टाचा मान राखून सत्याग्रह तहकूब करायचे परिषदेने ठरवले. या साऱ्या प्रकरणातला मला सर्वांत जड वाटणारा ठराव हाच. तो करणाऱ्यांना घोटभर पाण्यासाठी आणखी थांबायचे होते.

नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर हा दावा मुंबई हायकोर्टापर्यंत गेला. तिथे १९२४चा होकार की १९२७चा नकार, यावर निकाल फिरला नाही. अस्पृश्यांना मज्जाव करणारी अनादि काळापासूनची रूढी होती का, हा प्रश्न होता. ती सिद्ध झाली नाही आणि अपील फेटाळले गेले. तारीख १७ मार्च १९३७. तळ्यावरच्या त्या पहिल्या ओंजळीला दहा वर्षे व्हायला तीन दिवस कमी होते.