वाट दाखविणारी परिचारिका

कर्करोगाशीं चाललेल्या मनुष्याच्या झगड्याचा इतिहास लिहितांना शस्त्र, किरण आणि औषध यांचेंच वर्णन बहुधा केलें जातें. रोगाचें निदान झाल्यापासून उपचार पुरा होईपर्यंत रुग्णास जी लांब वाट चालावी लागते, तिचा इतिहास क्वचितच सांगितला जातो. आधीं कोणत्या तज्ज्ञाकडे जावयाचें, पैसा कोठून आणावयाचा, अंगांत आलेला ताप किरकोळ समजावयाचा कीं धोक्याचा, अशा प्रश्नांपुढें पुष्कळ रुग्ण अर्ध्या वाटेंतच थांबतात. त्या वाटेवर परिचारिका मार्गदर्शक म्हणून कशी आली, हा वृत्तांत बोधप्रद आहे.

परिचारिकेजवळ दया पूर्वींपासूनच होती. नव्हता तो अधिकार. रोगी तपासावा व उपचार ठरवावा डॉक्टरानें, आणि परिचारिकेनें त्याची आज्ञा पाळावी, अशी अमेरिकेंतही वहिवाट होती. तिला मोठा धक्का १९६५ सालीं कोलोरॅडो विद्यापीठांत बसला. सार्वजनिक आरोग्याच्या कामांत मुरलेल्या लॉरेटा फोर्ड या परिचारिकेनें डॉक्टरांवांचून ग्रामीण मुलांची होणारी आबाळ पाहिली होती. बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांच्या साह्यानें तिनें अनुभवी परिचारिकांस मुलें तपासण्याचें व साधीं दुखणीं हाताळण्याचें शिक्षण देण्यास आरंभ केला. ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा नवा पेशा असा जन्मास आला. डॉक्टरांनीं विरोध केला, यांत नवल नाहीं. परंतु परिचर्येच्या कित्येक अध्यापिकांसही हें पाऊल रुचलें नाहीं. २०२५ सालीं, वयाच्या १०४ व्या वर्षीं, फोर्ड निवर्तली, तेव्हां तिच्या देशांत या पेशाच्या साडेतीन लाखांहून अधिक परिचारिका काम करीत होत्या.

दुसरा धडा न्यूयॉर्कच्या हार्लेम भागानें दिला. तेथील रुग्णालयांत १९८६ पर्यंतच्या २२ वर्षांत स्तनाच्या कर्करोगाच्या ज्या ६०६ रुग्णांवर उपचार झाले, त्यांपैकीं शेंकडा ३९ जणीच पांच वर्षें जगल्या. बहुतेक गरीब आणि कृष्णवर्णीय. रोग बळावल्यावरच त्या दारीं येत. शस्त्रवैद्य हॅरल्ड फ्रीमन यांनीं १९९० सालीं प्रत्येक रुग्णास एक वाटाड्या देण्याची योजना सुरू केली आणि तिच्या जोडीस मोफत वा अल्पमोलांत तपासणीची सोय ठेविली. १९९५ ते २००० या काळांतील ३२५ रुग्णांत तें प्रमाण शेंकडा ७० वर गेलें.

फ्रीमन यांचे वाटाडे बहुधा त्याच वस्तींतील सामान्य माणसें होतीं. कागदपत्रें, गाडीभाडें आणि भीति यांचे अडसर तीं दूर करीत. परंतु रसायनोपचारानंतर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत रक्तांतील पांढऱ्या पेशी फार घटतात. त्या वेळीं आलेला ताप कांहीं तासांत प्राण घेऊं शकतो. तो ओळखावयास वैद्यकाचें ज्ञान लागतें आणि तत्काळ उपाय योजावयास अधिकार लागतो. कर्करोगाच्या केंद्रांतील नर्स प्रॅक्टिशनर हीं दोन्हीं कामें एकत्र करते. रक्ताचा अहवाल पाहून ती पुढील मात्रा देण्याजोगी आहे कीं नाहीं हें पाहते, वेदनेचें औषध बदलते, आणि डॉक्टर जें घाईंत सांगून गेला तें घरच्या माणसांस पुन्हां समजावून सांगते.

मुंबईंत परळ येथें १९४१ सालीं उघडलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत दूरदूरच्या प्रांतांतून रुग्ण येतात. तेथें २०१९ सालीं रुग्णांच्या वाटाड्यांचें शिक्षण सुरू झालें आणि त्या योजनेस ‘केवट’ हें रामास गंगापार नेणाऱ्या नावाड्याचें नांव दिलें गेलें. नांव यथार्थ आहे. परंतु अमेरिकेंतील परिचारिकेच्या हातीं आलेला अधिकार येथील परिचारिकेस अद्याप मिळालेला नाहीं. रात्रीं ताप चढलेल्या रुग्णाच्या उशाशीं दया असते. निर्णयासाठीं मात्र डॉक्टर येईपर्यंत थांबावें लागतें. त्या थांबण्याची किंमत रुग्ण देतो.