लोणारच्या पाण्याचा शब्द : हॅलोअल्कलीफिलिक

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले. हा रंग ‘हॅलोआर्किया’ या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे आल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासात आढळले. येथील अनेक सूक्ष्मजीवांसाठी शास्त्रज्ञ एक लांबलचक विशेषण वापरतात : ‘हॅलोअल्कलीफिलिक’. शब्द अवघड वाटला, तरी त्याची फोड सोपी आहे.

आरंभीच्या ‘हॅलो’चा संबंध दूरध्वनीवरील संबोधनाशी नाही. मीठ या अर्थाच्या ‘हाल्स’ या ग्रीक शब्दापासून तो आला. मधला ‘अल्कली’ मूळचा अरबी. ‘अल’ हे त्या भाषेतील उपपद, तर ‘कली’ म्हणजे खारट जमिनीत वाढणाऱ्या वनस्पतींची राख. साबण व काच तयार करण्यासाठी ती वापरीत. ‘फिल’ म्हणजे प्रिय असणारा, हेही ग्रीकच. शेवटचा ‘इक’ प्रत्यय विशेषण घडवतो. ‘समाज’पासून ‘सामाजिक’ होताना मराठीतही ‘इक’च येतो. एकूण अर्थ, लवण-क्षारप्रिय.

मराठीत ‘खारे पाणी’ म्हटले की मीठ आणि क्षार यांतला भेद पुसट होतो. ‘खारा’ हा शब्दच मुळी ‘क्षार’वरून आला. समुद्राचे पाणी खारट असते, पण अल्कधर्म त्यात सौम्यच असतो. लोणारमध्ये मात्र मिठाच्या जोडीला सोडा आहे आणि पाण्याचा सामू दहाच्या आसपास जातो. म्हणूनच नुसते ‘हॅलोफिलिक’ येथे अपुरे पडते.

ही दुहेरी ओळख जुनीच आहे. लवणासुराच्या कथेशी जोडलेल्या ‘लोणार’ या नावात लवण आहे. तर साबण आणि काच यांसाठी लागणारे पदार्थ येथे मिळतात, अशी नोंद ‘ऐन-ई-अकबरी’त आहे. सरोवरातून काढलेल्या क्षारांना दल्ला, खुप्पल, पापडी अशी वेगवेगळी नावे होती.

‘फिलिक’चा अर्थ केवळ ‘सहन करणारा’ असा नाही. या जीवांना जगण्यासाठी मीठ आणि क्षार दोन्ही लागतात. २०२० मध्ये रामसर स्थळ ठरलेल्या या सरोवरात गोड्या पाण्याचा भर वाढून दोन्ही विरळ झाले, तर पाणी भरपूर दिसेल. पण या विशेषणाला पात्र असणारे जीव तेथे टिकणार नाहीत.